उरलेली टेप

परवा एक पार्सल आलं. तीन सीडींचा संच, १९९० ते १९९३ या चार वर्षांतली इंग्रजी पॉप गाणी, एकूण साठ. भाच्याने (ताईचा धाकटा. तो हे वाचत नाही, पण ताई वाचते, तेव्हा जपून लिहायला हवं) माझ्या पन्नाशीनिमित्त मागवून दिला. आता सीडी कोण ऐकतं रे, असं मी म्हटलं तर म्हणाला, "मामा, तुला हातात धरायला काहीतरी लागतं." खरं आहे. फक्त घरात सीडी लावायला काही नव्हतं. शेवटी माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जिवंत निघाला आणि आमची सोय झाली.

गंमत म्हणजे पार्सल कुठवर आलंय ते मी फोनवर रोज बघत होतो, आणि एका सकाळी तिथे लिहून आलं की तुमचं सामान भिवंडीहून निघालं आहे. मी पुण्यात, कोथरूडच्या गॅलरीत उभा राहून एकटाच हसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईच्या दाराशी असलेलं आमचं गाव आता गोदामांचं गाव झालंय. मानकोली, अंजूरफाटा, काल्हेर, दापोडे, पूर्णा, जिकडे बघाल तिकडे पत्र्याची लांबच लांब छपरं. तुम्ही देशात कुठेही बसून चप्पल मागवा नाहीतर मिक्सर, त्यातलं बरंच काही भिवंडीत मुक्काम करून येतं. आणि ज्या काळाची ही गाणी आहेत त्या काळात यातल्या एकाही गाण्याची अस्सल, कंपनीची, सीलबंद कॅसेट मी भिवंडीत पाहिलेली नव्हती. एकही नाही.

तर ती साठ गाणी. यादी वाचतानाच अर्धी मजा आली. ब्रायन अॅडम्सचं ते १९९१चं प्रेमगीत, जे ब्रिटनच्या यादीत सलग १६ आठवडे पहिल्या नंबरावर बसून होतं. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२चं, जे अमेरिकेत १४ आठवडे वर होतं आणि जे मुळात डॉली पार्टनने १९७४ सालीच गाऊन ठेवलं होतं. डॉक्टर अल्बानचं 'इट्स माय लाइफ'. हा माणूस खरोखरच डॉक्टर आहे बरं का, दातांचा. जन्म नायजेरियाचा, शिक्षण आणि दवाखाना स्वीडनमध्ये. 'व्हॉट इज लव्ह' गाणारा हॅडवे त्रिनिदादचा, पण गाणं जर्मनीत तयार झालेलं. एस ऑफ बेस स्वीडनचे. अपाची इंडियन म्हणजे बर्मिंगहॅमचा स्टीव्हन कपूर, पंजाबी आईबापांचा मुलगा, जमैकन ढंगात गाणारा. आम्ही ज्यांना सरसकट "इंग्लिश गाणी" म्हणायचो त्यातले इंग्लिश असे फार थोडेच. भिवंडीच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या गल्लीत उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन होते, तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान होते, आजूबाजूच्या गावांतले आगरी-कोळी होते, मारवाडी आणि गुजराती व्यापारी होते, आणि या सगळ्यांना बाहेरचे लोक "भिवंडीवाले" म्हणायचे.

संच तसा बरा आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर साठातली वीसेक गाणी आज ऐकवत नाहीत. व्हॅनिला आइस तर अजिबातच नाही. पण पहिल्या दोन दिवसांत माझं असं झालं की प्रत्येक गाणं थोडं खोटं वाटायचं. काहीतरी जास्तच लख्ख. थोडं जलद. आवाज थोडा बारीक. कारण कळायला वेळ लागला नाही. ही गाणी मी ज्या यंत्रावर पाठ केली त्याचे सेल नेहमीच उतरलेले असत, आणि वीज असली तरी दाब असा की संध्याकाळी बल्बची तार मोजता यायची. टेप हळू फिरायची, गाणारीण गाणारा व्हायची. व्हिटनी ह्यूस्टनचा मूळ आवाज एवढा उंच आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. :-)

आता कॅसेटवाल्या चाचांबद्दल सांगायलाच हवं.

तीन बत्तीच्या बाजूला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक जिना, आणि त्या जिन्याखालची जागा. तिथे दोन डेक, एक कुलर फॅन आणि भिंतभर कॅसेटी. कॅसेट "भरून घेणं" हा शब्दप्रयोग आता मुलांना समजावून सांगावा लागतो. तुम्ही कागदावर गाण्यांची यादी द्यायची, कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट निवडायची (साठ म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वद म्हणजे पंचेचाळीस), आणि चार दिवसांनी जाऊन आणायची. चाचा मूळ गाणी मुंबईहून, मुसाफिरखान्याकडून आणत. ती तिथे कुठून येत, हे विचारायचं नसतं. सगळा मामला चोरीचाच होता, यात काही शंका नाही. पण चोरीच्या बाबतीत त्या काळात कोणी कोणाला नावं ठेवावीत? व्हॅनिला आइसने १९९० साली क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१च्या गाण्याची बेसची सुरावट उचलली, आणि बाबा सेहगलने १९९२ साली 'ठंडा ठंडा पानी' करताना व्हॅनिला आइसला उचललं. बाबा सेहगल अर्थातच या संचात नाही. साहेबाच्या यादीत तो कुठून असणार. पण माझ्या वर्गात मूळ गाणं माहीत असलेली मुलं चार आणि 'ठंडा ठंडा पानी' पाठ असलेली चाळीस होती, हे मी शपथेवर सांगू शकतो.

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे वाचता येत नव्हतं. गाणी ते कानाने ओळखत आणि त्यांना स्वतःची नावं देत. अल्बान म्हणजे "डॉक्टर", ब्रायन अॅडम्स म्हणजे "रोनेवाला", एस ऑफ बेस म्हणजे "दो बहनें" (त्या खरोखरच बहिणी आहेत, हे त्यांना कसं कळलं देव जाणे). कॅसेटच्या कागदावर हीच नावं ते उर्दूत लिहून देत. मला उर्दू येत नसे, माझ्या मित्राला येई. मागच्या गल्लीतला हा मित्र, आमची दोघांची मिळून एकच कॅसेट असायची, निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे. तो कागद वाचून दाखवायचा आणि आम्ही दोघं हसून हसून पडायचो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

चाचांचा एक नियम होता. टेप कोरी सोडायची नाही. बाजू संपताना दोन-तीन मिनिटं उरली आणि यादीतलं पुढचं गाणं त्यात बसत नसलं, तर बाकीचे दुकानदार ती जागा तशीच सोडत, किंवा गाणं मध्येच तोडत. चाचा म्हणायचे, "पूरे साठ के पैसे लिये हैं बेटा, पूरा साठ देंगे." आणि त्या उरलेल्या जागेत ते आपल्या आवडीचं काहीतरी भरत. बहुतेक वेळा नुसरत फतेह अली खान. त्यामुळे माझ्या डोक्यात हॅडवेचं गाणं संपलं की आजही आपोआप हार्मोनियम सुरू होते आणि टाळ्यांचा ठेका. परवा संचातलं ते गाणं संपलं आणि पुढे दुसरंच काही लागलं, तर मी चक्क दचकलो.

(मित्राचं तेव्हाचं मत असं की चाचा इंग्रजी गाणी मुद्दाम अशी मोजून भरतात की कव्वालीला जागा उरावी. मला ते आजही पटतं. दोन्ही बाजूंना बरोब्बर अडीच मिनिटं उरणं हा काही योगायोग नसतो.)

नुसरत आम्हाला तेव्हा जुन्या लोकांचं गाणं वाटायचं. पण त्याच नुसरतची 'मस्त मस्त' १९९० साली इंग्लंडमध्ये नव्या साजात निघाली होती, मॅसिव्ह अटॅकने तिचं रीमिक्सही केलं, आणि १९९४च्या 'मोहरा'मधलं गाणं तिच्यावरूनच आलं. ते थिएटरात ऐकलं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या कॅसेटच्या शेपटाला हे आधीपासून होतं.

आता थोडं यंत्रमागांविषयी, कारण त्याशिवाय ही गाणी भिवंडीत का रुजली ते कळणार नाही. (हे माझं मत. संगीतातल्या जाणकारांनी हसायचं तर हसावं.) बाबा कल्याण रोडवरच्या एका कारखान्यात मेहता होते. हिशेब, मजुरी, सुताची आवक, कापडाची जावक. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. साध्या मागावर धोटा मिनिटाला साधारण १२० ते १५० वेळा इकडून तिकडे जातो, आणि प्रत्येक फेरीला तो ठोका. खट-खट-खट-खट. चोवीस माग एकाच वेळी. आत कोणी कोणाशी बोलत नाही, ओठांवरून आणि हातांवरून समजून घेतात. जुने कारागीर रस्त्यावरही ओरडूनच बोलत, कारण कान गेलेले असत. आणि 'रिदम इज अ डान्सर' किंवा 'व्हॉट इज लव्ह' या गाण्यांचा ठेका किती, तर मिनिटाला साधारण १२४. हे मी अलीकडे वाचलं आणि मला एकदम सगळं उमगल्यासारखं झालं. बाहेरच्या लोकांना ते यंत्राचं, कोरडं, भावनाशून्य संगीत वाटायचं. आमच्या गल्लीत तो ठेका रात्रंदिवस चालूच असायचा, या लोकांनी त्यावर फक्त गाणं बसवलं होतं. दुपारी खिडकीतून माग ऐकू येत असताना मी कॅसेट लावायचो आणि कधी कधी दोन्ही ठोके जुळायचे. अर्धा मिनिट, जास्तीत जास्त. मग पुन्हा फाटायचे. तो अर्धा मिनिट मी वाट बघत बसायचो. आई म्हणायची, याचं डोकं फिरलंय.

संचाच्या वेष्टणावर चार ओळी लिहिल्या आहेत, की ही बेफिकीर दिवसांची गाणी आहेत वगैरे. असं लिहावंच लागतं, त्याशिवाय विकणार कसं. पण ते वाचून मी जरा वेळ सीडी बाजूला ठेवली.

आमच्या गावात १९७० साली दंगल झाली होती, १९८४ साली झाली होती. चौऱ्याऐंशीला मी लहान होतो, तरी मला छपरावरून दिसलेला धूर आठवतो, आणि आईने आम्हाला आत ओढून दाराला आडवी लावलेली लोखंडी कॉट. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ला, रविवारी, अयोध्येची बातमी आली तेव्हा गावातल्या प्रत्येकाला पुढे काय होणार ते माहीत होतं. माहीत आहे असं वाटत होतं. मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून तिथे ९००च्या आसपास माणसं मेली. भिवंडी पेटली नाही.

याचं श्रेय ज्यांना द्यायचं ते दिलं गेलंय. १९८८ नंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गावात मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या, पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. दोन्हीकडची साधी माणसं, पुढारी नव्हेत, पोलिसांबरोबर नियमित बसत. सुरुवातीला सगळे हसायचे. बैठकीत काय बोलतात, तर गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, अमक्याचा मुलगा रात्री मोटरसायकल फिरवतो. बाबा आमच्या भागातल्या समितीत होते आणि आईच्या मते तो वेळेचा अपव्यय होता. पण चार वर्षं गटारावर भांडून झाल्यावर समोरच्या माणसाचं नाव, घर, मुलं सगळं माहीत होतं. अफवा आली की आधी त्याच्या घरी जाऊन विचारता येत होतं.

त्या आठवड्यात कॅसेट माझ्याकडे होती. आमची वाटणी ठरलेली होती, सोमवार ते बुधवार माझ्याकडे, गुरुवारी संध्याकाळी मित्राकडे. कॉलेज बंद होतं. कोणी कोणाच्या गल्लीत जात नव्हतं. घरात सगळे हळू बोलत. गुरुवारी, १० तारखेला, संध्याकाळी नेहमीच्या वेळी दार वाजलं. आई उघडायला गेली ती आधी फटीतून बघून. बाहेर हा उभा. "काकी, कॅसेट. आज माझा नंबर आहे."

आईने त्याला हाताला धरून आत घेतलं, गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि दार लावलं. मग त्याच्यावर अशी ओरडली की माझ्यावरही कधी ओरडली नसेल. अक्कल आहे का, तुझ्या आईला माहीत आहे का, आजच्या दिवशी गाणी हवीत का तुला. तो मुकाट ऐकत उभा. मग तिने चहा टाकला. चहा झाल्यावर बाबा स्वतः त्याला कॅसेटसकट घरी सोडून आले. परत यायला त्यांना दीड तास लागला, आणि तो दीड तास आई कशी बसली होती ते मी लिहू शकत नाही. आल्यावर म्हणाले, तिथेही चहा घ्यावा लागला, मग जेवायलाच बसवलं.

तो कॅसेटसाठीच आला होता का, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

त्यानंतरच्या रात्री समितीची माणसं पाळीने नाक्यावर बसत. बाबा, चाचा, एक तेलुगू शिक्षक, मित्राचे मामा. बीबीसीच्या बातम्यांसाठी चाचा दुकानातला टू-इन-वन घेऊन येत. बातम्या संपल्या की पुढे रात्र केवढी तरी उरायची, आणि जागं राहायचं होतं. मग चाचांनी खिशातून कॅसेट काढली, आमच्यासारख्याच कोणासाठी तरी भरलेली, गिऱ्हाईक घ्यायला येऊ शकत नव्हतं म्हणून पडून असलेली. मी थर्मास घेऊन गेलो होतो तेव्हा बघितलं. शेकोटीभोवती चार प्रौढ गृहस्थ कानटोप्या घालून बसलेत आणि डॉक्टर अल्बान गातोय. सेल उतरत चाललेले, त्यामुळे तो उत्तरोत्तर जास्तच गंभीर होत गेलेला. बाबांना इंग्रजी गाण्यांचा तिटकारा. पण बाजू संपत आली तेव्हा त्यांनीच चाचांना विचारलं, "आता तुमचं लागेल ना?" आणि लागलं.

जानेवारीत मुंबईत पुन्हा सगळं झालं तेव्हाही हे चौघं पुन्हा बसले. मार्चमध्ये तिकडे बॉम्बस्फोट झाले तेव्हाही. त्या रात्रींची कॅसेट कोणती होती, मला माहीत नाही. माझी बारावी जवळ आली होती.

बाकी पुढचं सगळीकडे झालं तेच. 'मेड इन इंडिया' १९९५ला आलं, ते मात्र अस्सल कॅसेटीवर. मग सीडीवर दीडशे-दीडशे गाणी कोंबून मिळू लागली आणि उरलेल्या जागेचा प्रश्नच मिटला. जिन्याखाली मोबाइलचं दुकान आलं. बाबांचा कारखाना गेला, माग भंगारात वजनावर विकले गेले. तसे कित्येकांचे गेले. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा त्यांच्या मातीला गेले होते.

मित्राला मी परवा संचाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. तो अजून तिथेच असतो, त्याचा मालवाहतुकीचा धंदा आहे, म्हणजे हे पार्सल त्याच्याच एखाद्या गाडीतून निघालं असण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही. त्याचं उत्तर रात्री आलं. यादीबद्दल चकार शब्द नाही. आमची एक कॅसेट त्याच्याकडे आहे म्हणे, १९९२ची, कागद शाबूत, पण गेली वीस वर्षं ती कशात लावून बघितलेली नाही. सोबत फोटो. उर्दूत सात ओळी, आणि दोन्ही बाजूंच्या शेवटी चाचांच्या अक्षरात फक्त एक छोटी रेघ. तिथे काय भरलंय ते त्यांनी कधीच लिहीत नसत.

तर मंडळी, चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर कोणाकडे आहे का? पुणे, ठाणे, कल्याण, कुठेही चालेल, मी येईन. आत्या, तुझ्या माळ्यावर एक लाल टू-इन-वन होता, तो टाकून दिला नसशील तर प्लीज बघ. पट्टा तुटला असला तरी चालेल, पट्टे अजून मिळतात.